चीज

पहाटे पाचला पहिली गोळी, नुसत्या पाण्याबरोबर.
ती डॉक्टरची. तिच्याशी वाद नाही.
त्यानंतर अर्धा तास कॉफीला हात लावायचा नाही,
सुर्सेल्वाच्या खोऱ्यात याहून लांब अर्धा तास नसेल.
मग गोठा, मग तांब्याची कढई,
आणि दूध तापेपर्यंत दुसरी डबी:
टायरोसिन, पाचशे मिलिग्रॅम,
नव्वद कॅप्सूल, अठ्ठेचाळीस फ्रँक.
ही माझी स्वतःची. म्हणजे फ्लुरिनाची.
लेक कूरला शिकते, तिला सगळं ठाऊक असतं.

"आई, थायरॉइडचं संप्रेरक याच्यापासूनच बनतं.
विटाच नसतील तर गवंडी काय करील?"
मी म्हटलं, बरं.
त्या दिवसांत मी कशालाही बरं म्हणत होते.
जिना चढताना मध्येच बसत होते,
जूनमध्ये लोकरी मोजे,
कंगव्यात केसांचा पुंजका, मांजराच्या पिलाएवढा,
आणि आवाज असा जाडाभरडा झालेला
की गाय मान वळवून बघायची,
ही कोण हाक मारतेय?

इलांझचे डॉक्टर कापाउल, त्यांनी डबी हातात घेतली,
चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली.
मी विटांचं सांगितलं. ते हसले नाहीत.
"हे अमिनो आम्ल शरीर आपलं आपण करतं.
शिवाय तुम्ही तर दुधातच राहता.
विटांचा ढीग पडलाय, मेंगिया,
गवंडीच आजारी आहे.
घ्यायचंच तर माझ्या गोळीपासून लांब घ्या,
आणि तीन महिन्यांनी रक्त द्यायला या."
हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.
त्या फटीत मी नव्वद कॅप्सूल ठेवल्या.

आमच्या डोंगरांना गळ्याचं जुनं दुखणं.
बर्फानं माती खरवडून नेली
आणि मातीबरोबर आयोडीन, असं म्हणतात.
मिठात ते घालायला लागले,
तोवर बार्लाला उशीर झाला होता.
बार्ला म्हणजे वडिलांची आत्या. एकच फोटो आहे.
गळ्याभोवती काळी मखमली पट्टी,
पट्टीला चांदीचं बक्कल, पट्टीखाली गलगंड.
शेजारी तिची गाय, तिच्याही गळ्यात पट्टा.
दोघींपैकी घंटा एकीलाच होती.
म्हणून दुसरी धुक्यात चुकली
तेव्हा कुणाला कळलं नाही, रात्र होईपर्यंत.

ऑक्टोबरात चीज तपासायला पोरगा आला, याखेन नावाचा.
तळघरात त्यानं तीन वर्षांच्या चाकात सळई खुपसली,
फिरवली, बाहेर काढली, डोळे मिटून वास घेतला.
कापल्यावर आत पांढरे कण.
"मीठ," मी म्हटलं. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आले.
"मीठ कुठलं. टायरोसिन.
चीज पिकलं की प्रथिनं सुटी होतात,
आणि हे असं दाणा धरतं.
याचं नावच मुळी चीजवरून पडलंय, ग्रीक आहे."
सहज बोलला. पुढच्या फळीकडे वळलाही.

मी सुरी खाली ठेवली.
एक दाणा दाढेखाली घेतला. कट्ट.
तीन वर्षं काळोख,
आठवड्यातून दोनदा उलटायचं, खारं पाणी पुसायचं,
माझे खांदे, आणि खाली बसून घेतलेले माझे श्वास.
एप्रनच्या खिशात डबी खुळखुळली.
तिच्यातल्याला चव नाही.
मला एवढं हसू आलं
की याखेननं विचारलं, बरं आहे ना?
बरं, मी म्हटलं. या वेळी जरा खरं.

रक्ताचा आकडा खाली आला.
पण मधल्या काळात डॉक्टरांनी गोळी वाढवली होती,
आणि हिवाळ्याआधी मी झोपलेही जास्त.
अठ्ठेचाळीस फ्रँकचं चीज झालं की नाही, सांगता येत नाही.
अकरा कॅप्सूल उरल्यात. संपवीन, पैसे मोजलेत.
फ्लुरिना फोनवर विचारते, दुसरी डबी पाठवू?
रविवारी घरी ये म्हटलं, येताना पाव आण,
काळा, जाड सालीचा.

काल कुरणाच्या फाटकातून हाक मारली.
गाय थांबून बघत बसली नाही.
सरळ चालत आली.